मोकळी

क्रांतीनं कागद दुसऱ्यांदा परत ढकलला, तेव्हा डॉक्टरीणबाई तिच्याशी बोलायच्या थांबल्या आणि तिच्या आईकडं वळल्या. बाळाचे ठोके कमी होतायत, त्या म्हणाल्या, आता थांबून चालायचं नाही, सिझरच करावं लागेल. पोरगी सही करत नाही, पाच मिनिटांत तिला तयार करा. एवढं सांगून त्या हात धुवायला गेल्या.

मलकापुरातल्या त्या छोट्या दवाखान्यात संयोगिता सकाळपासून लेकीच्या उशाशी बसून होती. पहिलं बाळंतपण माहेरचं, म्हणून कडेगावाहून, सासरहून, तिनंच क्रांतीला इथं आणलं होतं. जावई जयराज फौजेत, राजस्थानात. त्याचा फोन लागत नव्हता. क्रांतीनं इतक्या वेळात हूं की चूं केलं नव्हतं. कळ आली की ती खाटेची दांडी धरायची आणि खालचा ओठ दातांत दाबायची. ओठ फुटून रक्त आलं होतं. शेजारच्या खाटेवरची बाई गळा काढत होती. तिच्या आईनं तर तिला म्हटलंसुद्धा, बघ जरा त्या पोरीकडं, कशी गुमान सोसतीया.

संयोगिताला ते कौतुक टोचलं. ही सवय पोरीला कुठून लागली, हे तिच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं.

"क्रांते, सही कर बाय."

"न्हाई. तुला जमलं, मग मला का न्हाई जमायचं?"

जमलं. पंचवीस वर्षं संयोगिता हेच सांगत आली होती. सकाळी वैरण कापली, दुपारी पोट दुखायला लागलं, दिवस मावळायच्या आत मोकळी झाले, आणि तोंडातून आवाज म्हणून काढला नाही. क्रांती गुडघा फोडून रडत आली की हीच गोष्ट. सायकलवरून पडून तिचा हात मोडला, तेव्हाही हीच गोष्ट. हळदीकुंकवाला बायका मुद्दाम सांगायला लावायच्या आणि संयोगिताही मोठ्या ऐटीत सांगायची.

सुरुवात मात्र तिनं केली नव्हती. तिचं बाळंतपण माहेरी, पाटणच्या बाजूला झालं. तिच्या आईनं सासरी निरोप धाडला तो एवढाच, की पोरगी मोकळी झाली. कशी, ते ना आईनं सांगितलं, ना कुणी विचारलं. सासूनं, राहीबाईनं, त्या एका शब्दावर सगळ्या आळीला सांगून टाकलं, आमची सून वाघीण, आवाजसुद्धा न काढता सुटली. तीन महिन्यांनी बाळ घेऊन संयोगिता सासरी आली, तोवर गोष्ट घरोघर पोचली होती. ती खोडून काढायचं तिला धाडस झालं नाही. नवऱ्याला, लालासाहेबाला, सगळं ठाऊक होतं. पण आईला खोटं पाडणं त्याच्या स्वभावात नव्हतं. पुन्हा दिवस राहिले नाहीत, त्यामुळं बिंग फुटायची वेळही आली नाही. पुढं तिला स्वतःलाच ती गोष्ट आवडायला लागली. वैरण तर तिनंच मागाहून त्यात घातली.

सिस्टर दारातून डोकावून गेली. यंत्रातून येणारे बाळाचे ठोके मधेच मंदावले. संयोगिता खाटेवर वाकली.

"मी खोटं बोलले, क्रांते. दोन दिस बोंबलत व्हते मी. तुजं डोकं अडलं व्हतं. जीपमधनं कराडला नेलं आन पोट फाडून काडलं तुला."

क्रांतीनं डोळे उघडले. सही मिळावी म्हणून आई काहीही बोलतेय, असंच तिला वाटलं. कायबी सांगू नगंस, ती म्हणाली, आणि पुढची कळ आली तसा ओठ पुन्हा दाबला.

मग संयोगितानं दाराकडं पाठ केली. निऱ्या सैल केल्या, परकर जरा खाली सरकवला आणि लेकीचा घामेजलेला हात ओढून ओटीपोटावर ठेवला. तो आडवा वण तिनं सासूला, जावांना, पोटच्या पोरीलासुद्धा कधी दिसू दिला नव्हता. क्रांतीची बोटं त्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश गेली. संयोगिताला शरम वाटली, पण शरमेपेक्षा भीती जास्त होती.

"मग मी रडले की मला गप का करत व्हतीस?" क्रांतीनं विचारलं.

पाच मिनिटं सरत आली होती. संयोगितानं पेनाचं टोपण काढलं आणि कागद पुढं धरला. क्रांतीनं वाकडीतिकडी सही केली. पुढची कळ आली, तेव्हा मात्र तिनं ओठ सोडला. अशी ओरडली, की शेजारची बाई दचकून गप्प झाली. ऑपरेशनच्या खोलीचं दार लागेपर्यंत ती ओरडतच होती. संयोगिता बाहेर बाकावर बसून ते ऐकत राहिली. आवाज थांबला, तेव्हा तिला आणखीच भीती वाटली.

अर्ध्या तासानं सिस्टरनं दुपट्यात गुंडाळलेली मुलगी तिच्या हातात दिली. आई बरी आहे, म्हणाली. बाळ आधी रडत नव्हतं, आता थांबायचं नाव घेत नाही.

तेवढ्यात फोन वाजला. क्रांतीची सासू, हरणाबाई. मोकळी झाली का, तिनं विचारलं. नुसतं व्हय म्हटलं असतं तरी चाललं असतं. पण संयोगिता म्हणाली,

"शिजर झालं. पोरगी हाय. आन विहीणबाई, माजंबी शिजरच व्हतं."

फोनवर बाळाचा आवाज ऐकून हरणाबाई म्हणाली, "लय रडतीया ओ. गप करा की तिला."

"न्हाई," संयोगिता म्हणाली. "रडू द्या."