वळणावरची खट्

भंडाऱ्याच्या फाट्यावर गाडी वळली आणि पुन्हा वाजली. खट्! मागच्या सीटवर बसलेल्या सत्यवतीच्या पायांखालचा पत्रा हादरला.

"आला ना जी आवाज?" तिनं विचारलं.

पुढं तिचा नवरा गोपीचंद स्टिअरिंग धरून सरळ रस्त्याकडे पाहत होता.

सत्यवतीनं मांडीवरची पिशवी घट्ट धरली. पिशवीत दोन पातळं होती. आज गॅरेजात मिस्त्रीसमोर नवरा या आवाजाबद्दल खरं बोलला तर बोलला. आणखी एक खोटं त्याच्या तोंडून निघालं, की स्टँडवरून लाखांदूरची एसटी धरायची आणि माहेर गाठायचं, असं तिनं मनाशी पक्कं केलं होतं.

संशयाला कारण एक नव्हतं. आंधळगावात गोपीचंदची धानाची मिल होती. पूर्वी मिलमधून आला की ओसरीवरूनच बायकोला हाका मारायचा, रेडिओ लावायचा, जेवताना गावभरच्या गोष्टी सांगायचा. दिवाळीपासून माणूस पार बदलला. रेडिओवर धूळ बसली. सयपाकघरातून कितीही हाका मारा, ओ नाही. ती समोर गेली की मात्र टक लावून तिच्या तोंडाकडे पाहायचा, जणू हिला कुठवर कळलंय ते ताडतोय. मिलचा पट्टा आणतो म्हणून नागपूरला गेला आणि हात हलवत परत आला. तिनं मिलमधल्या हमालांना आडून आडून विचारून पाहिलं. ते म्हणाले, शेठ तर होते तसेच आहेत. इंजिनाच्या धडधडीत तिथं सगळेच हातवारे करून बोलतात, शेठही तसेच बोलतात. म्हणजे मिलमध्ये सगळं ठीक, मौन फक्त घरी! सत्यवतीचा जीव आणखीच जळला.

शेजारच्या धुरपताबाईला तर तेवढंच हवं होतं. "बाई वो, माणूस घरात मुका झाला, म्हणजे बाहेर कोनाशी तरी बोलत असते," ती म्हणाली. ते बोलणं सत्यवतीच्या काळजात रुतून बसलं.

त्यात गाडीची ही खट्. वळली की वाजायची. अख्ख्या गल्लीला ऐकू यायची आणि हा म्हणायचा, "कायचा आवाज? गाडी झकास आहे." त्या जुन्या फियाटला साधा ओरखडा गेला तरी ज्याला घास उतरत नसे, तो माणूस असं म्हणतो! नक्की कुणाला तरी घेऊन फिरला असणार आणि कुठं तरी धडकवली असणार. डाळीत काही तरी काळं आहे असं लोक म्हणतात. तिला अख्खी डाळच काळी दिसत होती. शेवटी तिनंच हट्ट धरून त्याला श्रावण मिस्त्रीकडे आणलं.

श्रावणनं गॅरेजसमोरच्या मोकळ्या जागेत गाडी डावीकडे फिरवली, उजवीकडे फिरवली. "बापा! हे तं मरणाची वाजते." मग जॅक लावून पुढचा भाग उचलला. चाक दोन्ही हातांनी धरून हलवलं, तर ते लटपटलं. मिस्त्री गाडीखाली शिरला आणि तिथूनच बोलला, "चाक वळवते त्या दांड्याचा जोड झिजला जी. नवा आणून बसवा लागते. पण दुसरीकडलाही पाहू द्या. गाडी खाली करतो, शेठ, तुमी एक चक्कर मारा. मी बाहेरून कान देतो."

"कुठं धडक बसली असन का हो?" सत्यवतीनं मुद्दाम विचारलं.

"नाही बाई. खड्ड्यांनी झिजते."

यालाही आधीच फितवलं असेल, तिच्या मनात आलं. गोपीचंद पलीकडे पाठमोरा उभा राहून काच पुसत होता.

मिस्त्रीनं जॅक उतरवला आणि त्याला हातानं गोल फिरवायची खूण केली. गोपीचंद गाडीत बसला. सत्यवतीही मागं बसली. गाडी वळली. खट्! पुन्हा वळली. खट्!

गोपीचंद उतरला तो हसतच. किती दिवसांनी हसला होता! त्यानं मिस्त्रीच्या पाठीवर थाप मारली. "मानलं तुले, मिस्त्री! आवाज एकदम बंद झाला."

श्रावण त्याच्या तोंडाकडे पाहतच राहिला. "बंद? अजी शेठ, मी अजून पाना लावलाच नाही!"

गोपीचंदचं हसू मावळलं. त्यानं घाईनं पाठ फिरवली आणि पुन्हा काच पुसायला घेतली.

सत्यवतीला जे पाहायचं होतं ते तिनं पाहिलं. इतकं उघड खोटं! ती पिशवी घेऊन उतरली आणि त्याच्या मागं जाऊन उभी राहिली. "मी लाखांदूरले जाऊन राहिली," ती म्हणाली. "आता परत येत नाही."

श्रावणनं चमकून मान वर केली. गोपीचंद काच पुसतच होता.

"आयकलं का? मी घर सोडून चालली!" ती ओरडली. रस्त्यावरचा एक सायकलवाला थांबून पाहू लागला. गोपीचंदचा हात काचेवर तसाच फिरत राहिला.

ती वळसा घालून त्याच्या समोर गेली. त्याची नजर लगेच तिच्या ओठांवर आली. दिवाळीपासून ज्या नजरेचा तिनं इतका राग केला, ती चोराची नजर नव्हती. तो माणूस भ्यालेला होता. तिला त्याची कीव आली आणि स्वतःची लाज वाटली.

"काहून नाही सांगितलं जी?" तिनं हळू, एकेक शब्द सुटा करून विचारलं.

गोपीचंदनं फडकं खाली ठेवलं. "नागपूरच्या डाक्टरनं हात टेकले," तो म्हणाला. "गाडीचं जाऊ दे, सत्यवती. दिवाळीपासून मले तुहाच आवाज नाही आला."