खासगी वाट

"साडेअकरा वाजले. आईंना फोन केलास?" श्रुतिकाने तिसऱ्यांदा विचारलं.

"केला. उचलत नाही. पण हिरवी आहे गं," म्हणत सिद्धेशने बायकोचा फोन ठेवला.

हिरवी म्हणजे ठीक. सिद्धेशच्या अंधेरीतल्या कंपनीचा धंदाच तो होता. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसाच्या मनगटाला पट्टा बांधायचा. नाडीचे ठोके इंटरनेटवरून सतत क्लाउडमध्ये जायचे आणि तिथून मुलांच्या फोनवर दिसायचे. सगळं ठीक असलं की ठिपका हिरवा, पट्टा काढून ठेवला की राखाडी. लाल झाला की ऑफिसात घंटा वाजायची.

सिद्धेशची आई रुक्मिणी दहिसरला राहायची, चाळ पाडून उभ्या केलेल्या टॉवरमध्ये, चौदाव्या मजल्यावर. चाळीत तिचं दार दिवसभर उघडं असे. इथे समोर कोण राहतं याचाही तिला पत्ता नव्हता. पट्टा बांधला तेव्हा ती म्हणाली होती, "माका तुझो पट्टो नको. तू येवन जा." तेव्हापासून बाई रुसल्या होत्या आणि मुलाचा फोन उचलत नव्हत्या. मालवणी रुसवा तो, सहजासहजी थोडाच उतरणार! पट्टा मात्र तिने काढला नव्हता.

जायला सिद्धेशला वेळ कुठे होता? एका हॉस्पिटलने करार करताना अट घातली होती: आमच्या पेशंटचे ठोके उघड्या इंटरनेटच्या हमरस्त्याने जायचे नाहीत. कंपनीपासून क्लाउडपर्यंत स्वतंत्र, खासगी वाट हवी, जिच्यावर परक्याचं पाऊलही पडणार नाही. मुदत गुरुवारी चार वाजेपर्यंत. दोन आठवडे सिद्धेश आणि त्याच्या शेजारच्या टेबलावरची नीलम त्यातच मान मोडून बसले होते. सिद्धेशचे डोळे इतके चुरचुरत की मेल वाचायचंही त्याने सोडून दिलं होतं.

चाचणी घ्यायची तर गिऱ्हाइकाच्या माणसावर घ्यायची नाही, घरच्यावर घ्यायची, असा तिथला शिरस्ता. गेल्या शुक्रवारी नीलमने विचारलं होतं, "कुणाची लाईन घेऊ रे?"

"माझ्या आईची घे," सिद्धेश मान वर न करता म्हणाला होता.

"मग काम संपेपर्यंत तिची घंटा बंद ठेवते हां. नाहीतर उगाच बोंबलत बसेल."

"ठेव ना."

बाकी त्याचा जीव त्या ठिपक्यातच अडकलेला असे. दर तासाला फोन उघडून तो आईचे ठोके बघायचा. रोज अकरा वीसला आकडा शहाण्णववर जायचा. म्हणजे कोळीण आली, आई पिशवी घेऊन खाली गेली. आजही गेला होता. मग त्याला आठवलं, आज गुरुवार. गुरुवारी आई मासळीला हात लावत नाही. भाजीला गेली असेल, त्याने मनाशी म्हटलं. हिंडतेफिरते आहे, आणखी काय हवं? तेवढ्या आकड्यावर त्याचा दिवस निघायचा. आपण आईकडे जात नाही याची त्याला लाज वाटे, पण आकडा पाहिला की ती थोडी कमी होई.

चारला पाच मिनिटं असताना त्यांनी सगळ्यांची लाईन नव्या वाटेवर वळवली. हॉस्पिटलच्या माणसाने फोनवरून तपासलं आणि म्हणाला, "झकास."

सिद्धेशने खुर्चीत अंग टाकलं. "सुटलो यार. आता सरळ दहिसरला जातो. आई दारातच शिव्या घालेल, घालू दे."

"जा रे बाबा, जा," नीलम म्हणाली. "मी जुनी वाट बंद करते. तुझ्या आईंचं रेकॉर्डिंगही काढून टाकू ना?"

"कसलं रेकॉर्डिंग?"

"मेल केला होता की! शुक्रवारी संध्याकाळी त्यांचे खरे ठोके नव्या वाटेवर टाकले. ते नीट पोचले, वाट चालते हे कळलं, मग मी काही तिकडे बघितलं नाही. जुनी वाट रिकामी दिसायला नको म्हणून तिच्यावर त्यांचा शुक्रवारचा दिवस लावून दिला. तोच रोज फिरतोय, तुझ्या फोनवर अजून तोच दिसतोय."

सिद्धेशने हातातल्या फोनकडे पाहिलं. ठिपका हिरवाच होता. त्याने नीलमचा कीबोर्ड ओढला आणि नव्या वाटेवरचं आईचं नाव उघडलं.

पट्टा हातावर. ठोके नाहीत. शनिवार, सकाळी सहा दहापासून.