फाट्याचं तिकीट

"फाट्यावर उतरते. पाच रुपये परत द्या," वृषाली म्हणाली.

चिंधूभाऊनं विसाची नोट मुठीत दुमडली. सौंसरच्या या गाडीवर कंडक्टरकी करता करता त्याचे केस पिकले होते. "फाटा असो का गाव, वीसच रुपये, ताई. तीन वर्षं झाले. तुमच्या आईले बी शंभरदा सांगतलं, बसून राहा गावापर्यंत. ऐके तं ना!"

तीन वर्षं. वृषालीनं पैशांसाठी पुढे केलेला हात हळूच मागे घेतला.

सौंसरचा बाजार करून आई दर शनिवारी याच गाडीनं यायची. गाव दीड किलोमीटर राहिलं की फाट्यावर उतरून पिशवीसकट चालायची. डॉक्टरांनी हृदय कमजोर झालंय म्हटल्यावरही. वृषाली नागपुरात मास्तरीण. दरमहा पैसे पाठवायची आणि फोनवर रागवायची. आईचं उत्तर ठरलेलं, "पाच रुपये वाचते बाई. पैसे का झाडाले लागते?" फोनसुद्धा दोन घंट्या देऊन कापायची, म्हणजे तिचा पैसा वाचला. मग वृषालीनं लावला की म्हणायची, "पोहोचली वं मी घरी."

मागच्या महिन्यात, एका शनिवारी दिवेलागणीनंतर, याच वाटेवर ती कोसळली. पाच रुपयांपायी आई गेली, असं वृषाली तेरवीला प्रत्येकाला सांगत होती. रडण्यापेक्षा राग सोपा होता.

आज ती सौंसरहून मृत्यूचा दाखला घेऊन परतत होती. ती वाट तिला एकदा स्वतः चालून पाहायची होती.

फाट्यावर संत्र्याच्या बागेला लागून सुशीलाबाईचं चहाचं दुकान होतं. बाईनं तिला लगेच ओळखलं.

"यमुनाबाईची पोरगी ना तू? बस. त्या दगडावरच बसे ते."

दगड गुळगुळीत होता. "कशाला बसायची?"

"तुह्या फोनसाठी. बाजारात कल्ला, गाडीत खडखड. अन् पुढं उतार लागला का रेंज गेली. इथं पोरीचा आवाज साजरा ऐकू येते म्हणे."

घरी रेंज फक्त गच्चीवर होती. गेले काही दिवस वृषाली स्वतः लोखंडी शिडी चढून फोन करत होती. आईला दोन पायऱ्या चढल्या की भोवंड यायची. मग 'पोहोचली घरी' म्हणणारी आई फोन कुठून उचलते, हे तिनं एकदाही विचारलं नव्हतं.

सुशीलाबाईनं तिच्या हातात चहाचा कप दिला. "दोन घंट्या द्यायची अन् बसायची. तुहा फोन झाला का पिशवी उचलून निघे."

"आणि फोन नाही आला तर?"

बाईनं उगाच भट्टीतली राख ढोसली. "अंधार पडेपर्यंत बसे. मी म्हणो, जाय ना वं आता घरी. तं म्हणे, 'करते ते. शाळेत गुंतली असन.'"

वृषालीनं कप दगडावर ठेवला. शनिवारी तिची शाळा अकरालाच सुटायची.