सातव्या महिन्यातलं लग्न

अर्धा तास झाला, तरी त्या लग्नाबद्दल कुणी अवाक्षर काढलं नव्हतं. तेक लियांग पहिल्या रांगेत बसून जायफळाचं सरबत पीत होता आणि वाट पाहत होता.

व्यासपीठावर किम हो बसला होता. शाळेपासूनचा मित्र, आणि आता सगळ्या पेनांगचा लाडका लेखक. गोऱ्यांच्या अमदानीतल्या एका गुप्त टोळीवरची त्याची जाडजूड कादंबरी लोकांनी डोक्यावर घेतली होती. चिनी घराण्याच्या सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. पूर्वजांच्या वेदीपाशीसुद्धा माणसं दाटीवाटीनं उभी होती. कादंबऱ्या तेक लियांगनंही लिहिल्या होत्या, दोन. शेवटपर्यंत वाचल्या त्या फक्त वाळवीनं.

"युक्ती साधी आहे हो," किम हो माईकवर सांगत होता. "दार करकरलं की प्रकरण संपवायचं. दारामागे कोण, ते पुढच्या प्रकरणात. वाचकाला झोपू म्हणून द्यायचं नाही!"

लोक खदखदून हसले. तेक लियांगच्या पोटात दुखायला लागलं. ही युक्ती त्यानंच किम होला सांगितली होती, कॉफीच्या दुकानात बसून. तेव्हा कोणी हसलं नव्हतं.

पण आज त्याचा दिवस होता. पुस्तक छापण्याआधी किम होनं ते सगळ्यांत आधी त्यालाच वाचायला दिलं होतं, आणि लग्नाच्या प्रकरणाशी तो थबकला होता. टोळीप्रमुखाच्या मुलीचं लग्न. गोऱ्या इन्स्पेक्टरला आमंत्रण. बाहेर रस्त्यावर, दर सातव्या महिन्यात भुतांसाठी मांडतात ते नाटक, आणि त्या झांजांच्या कल्लोळात इन्स्पेक्टरला गोळी. आवाज बुडवायला किम होला नाटक हवं होतं, आणि सगळ्यांना एका छताखाली आणायला लग्न. दोन्ही एकाच संध्याकाळी घालण्याच्या नादात, भुतांच्या सातव्या महिन्यात कोणी लग्न करत नाही, एवढंच तो विसरला होता.

"फक्कड जमलंय," तेक लियांग तेव्हा म्हणाला होता. "कानामात्रा बदलू नकोस."

आता कोणीतरी ते भगदाड दाखवायचं, आणि त्यानं मागे रेलून मित्राची फजिती डोळे भरून पाहायची. आणखी काही नको होतं त्याला.

गोह बाई उठल्या. अर्ध्या सभागृहाला त्यांनी कधीतरी वर्गाबाहेर उभं केलेलं होतं.

"किम हो, पुस्तक मी खाली ठेवलं नाही. पण बाळा, भुतांच्या महिन्यात लग्न? अरे, त्या महिन्यात आपल्यात कोणी नव्या घरात पाऊल टाकत नाही, आणि तुझा टोळीप्रमुख पोरीला उजवतो?"

"भुतंच वऱ्हाडी असतील, बाई!" मागून कोणीतरी ओरडलं, आणि सभागृहात हशा पिकला.

किम होचा चेहरा उतरला. त्यानं पान उलटलं, पुन्हा उलटलं. तेक लियांगला सरबत कधी नव्हे एवढं गोड लागलं.

मग किम होनं मान वर केली, आणि त्याची नजर पहिल्या रांगेवर आली.

"असं होणारच नाही, बाई. हे छापण्याआधी तेक लियांगनं वाचलंय. चुलीवरच्या भातातला खडा वासावरून ओळखतो हा माणूस. चूक असती तर त्यानं मला सोडलं असतं होय? सांग रे, तूच सांग यांना."

माईक हातोहात पुढे आला. तेक लियांग उभा राहिला. सगळे त्याच्याकडे पाहत होते, आणि किम होच्या डोळ्यांत संशयाचा लवलेशही नव्हता. चूक आहे म्हणावं, तर मग सांगितली का नाहीस? नाही म्हणावं, तर आपणच बिनडोक. आयुष्यात पहिल्यांदा त्याला स्वतःची लाज वाटली, आणि त्या लाजेच्या भरात, दोन कादंबऱ्या लिहिताना कधी सुचलं नव्हतं असं काहीतरी सुचलं.

"ते लग्न नव्हतंच, बाई," तो म्हणाला. "ती पत्रिका म्हणजेच टोळीची खूण. भुतांच्या महिन्यात लग्नाची पत्रिका आली की आपल्या माणसानं ओळखायचं, हे लग्न नाही, हुकूम आहे. शपथ घेतलेले सगळे रिकाम्या हातांनी आले. आहेर घेऊन आला तो एकटा गोरा इन्स्पेक्टर. त्याला बिचाऱ्याला काय ठाऊक! मारेकऱ्याला एवढंच पाहायचं होतं, गोऱ्याला खूण कळली तर नाही ना. त्यानं आहेर पाहिला आणि गोळी घातली."

गोह बाईंनी घाईघाईनं आपली प्रत उघडली.

"त्याच्या आहेरातले चांदीचे चमचे!" गोह बाई किंचाळल्या. "तरीच! मी म्हणतेय, त्या चमच्यांचं एवढं वर्णन कशाला!"

टाळ्यांनी छत दणाणलं. असल्या टाळ्या तेक लियांगला कधी मिळाल्या नव्हत्या. तो हसून मागे वळला. एकही चेहरा त्याच्याकडे नव्हता. सगळे व्यासपीठाकडे पाहून टाळ्या वाजवत होते, आणि लग्नाचं प्रकरण पुन्हा वाचायला पानं चाळत होते. कोणीतरी त्याच्या हातातला माईक काढून परत वर दिला.

किम होचं तोंड क्षणभर उघडंच राहिलं होतं. ते त्यानं मिटलं. हळूहळू त्यावर हसू आलं. त्यानं सगळ्यांना लवून नमस्कार केला आणि माईक ओठांजवळ नेला.

"खरं सांगू?" तो म्हणाला. "मला वाटलं होतं, हे कोणाच्या लक्षातच येणार नाही."