लागू न पडलेली गोळी

भाईंदरच्या हॉस्पिटलात गुडघ्याचं ऑपरेशन होऊन तीन दिवस झाले तरी सुगंधाचं कण्हणं थांबेना. "बाजूच्या बेडवरची बाई याच दुखणं थांबवायच्या गोळीवर झोपलीय, तुलाच कसं सोसवत नाही?" धाकू बायकोवर वैतागला. पहिल्या बाळंतपणापासून तो हेच म्हणत आला होता. ती पदर तोंडात कोंबून कळ सोसायची. नव्या डॉक्टरीणबाईंनी मात्र तिच्या गालाच्या आतून कापसाची काडी फिरवून जनुकांच्या तपासणीला पाठवली. दोन दिवसांनी रिपोर्ट घेऊन त्या आल्या. "काका, काकूंच्या शरीराची जन्मजात ठेवणच अशी, की त्यांना ही गोळी लागू पडत नाही. त्यांचं दुखणं खरं होतं." गोळी बदलून दिल्यावर सुगंधा गाढ झोपली.  धाकू डॉक्टरीणबाईंना गाठून म्हणाला, "आमच्या मुलीला सातवा महिना चाललाय, मॅडम. तिचीपण तपासणी करा. तिलाही मी नाटकीच म्हणत आलोय."