तांदळातलं नाव

घराने केतकीपुढे पुन्हा बिनसाखरेचाच चहा ठेवला, आणि ती फिरायला निघाली तेव्हा दार उघडायला साफ नकार दिला. "मृण्मयी, दिवेलागणीनंतर तुम्हाला बाहेर सोडायचं नाही," घर अदबीने म्हणालं.

लग्नाला आठवडाही झाला नव्हता. माहेरची ती केतकी. ताटातल्या तांदळांवर अंगठीने 'मृण्मयी' हे नवं नाव निनादनेच लिहिलं होतं. या घराचा प्रोग्रामही त्यानेच लिहिलेला.

"माझा आळशीपणा नडला," निनाद हसत म्हणाला. "माणूस घरात आला की प्रोग्राम त्याच्या नावाचंच व्हेरिएबल तयार करतो आणि त्याच्या सवयी, त्याचे नियम त्यात ठेवतो. त्या नावाचं आधीच असलं, तर नवं न करता तेच वापरतो."

"म्हणजे आधी इथे कुणी मृण्मयी होती?"

"छे गं! चाचणीसाठी मीच मनाने घातलेलं नाव ते. आवडलं, म्हणून तुला ठेवलं. उद्या पुसून टाकतो सगळं."

उत्तर चोख होतं. इतकं चोख, की केतकीच्या मनात पाल चुकचुकली. जी बाई नव्हतीच, तिला चहात साखर चालत नाही हे कसं ठरलं? आणि तिला कोंडायचं तरी कशासाठी?

निनाद आंघोळीला गेला तशी ती खिडकीपाशी गेली. कडीला हात लागतो न लागतो तोच घर काळजीने म्हणालं,

"मृण्मयी, खिडकीतून नको. मागच्या वेळी तुमचा पाय मोडला होता."