शेजारची वाट

इंजिनिअर बाई भर सभागृहात आपल्या बिनतारी यंत्रांचा नियम समजावत होत्या. "निरोप एकातून दुसऱ्यात, असा हातोहात जातो. एखाद्या यंत्राने दोन हाकांना ओ दिली नाही, की त्याला वगळायचं आणि शेजारच्यातून वाट काढायची. त्याला कळवत बसायचं नाही!" टाळ्या पडल्या.

काल या भाषणाच्या तयारीत असताना आईचे दोन फोन आले होते. गुडघ्यांचं रडगाणं असणार, म्हणून बाईंनी उचलले नव्हते. आज सवडीने लावला, तर उचलला हॉस्पिटलातल्या नर्सने.

धापा टाकत पोचल्या. काचेतून दिसलं, आईची शेजारीण तिला चमच्याने पाणी पाजत होती. नर्सने दारातच अडवलं, "एका वेळी एकच."

"अहो, मी मुलगी आहे त्यांची. एकुलती एक!"


"मुलगी आत बसलीय की. आजींनीच ओळख करून दिली."